बलिदान आणि पुनरुत्थान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) उलटला की येशूच्या बलिदानाबद्दल आणि पुनरुत्थानाबद्दल दरवर्षी हेच प्रश्न नव्यानं येऊ लागतात आणि ईस्टरनंतरही येतच राहतात. विचारणाऱ्यांत ख्रिस्ती आहेत, नसलेले आहेत, आणि ‘होतो, आता ठाऊक नाही’ म्हणणारेही आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. जिथे चर्च-चर्चमध्ये मतभेद आहेत तिथे तसं सांगितलं आहे. मी स्वतः विश्वासी आहे आणि ते उत्तरांतून दिसेलच, लपवण्यात अर्थ नाही.

१. बळी, बलिदान, त्याग, अर्पण : हे सगळं एकच का?

नाही, आणि निम्मा घोळ इथेच होतो. बळी म्हटलं की वेदीवरचा प्राणी आठवतो. त्याग म्हटलं की आपल्या हक्काचं सोडून देणं आठवतं. अर्पण म्हणजे देवापुढे ठेवलेलं. येशूच्या मरणाबद्दल बोलताना हे तिन्ही अर्थ एकदम चालू असतात, आणि बोलणारा एका अर्थानं बोलतो तेव्हा ऐकणारा दुसऱ्याच अर्थानं ऐकतो.

जुन्या करारातला (बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातला) हिब्रू शब्द ‘कोरबान’. तो ‘जवळ येणं’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. त्यामुळे शब्दाचा भर मारण्यावर नसून जवळ जाण्यावर आहे. त्यातल्या लेवीय या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातलं अन्नार्पण पाहा : सपीठ, तेल, धूप. रक्ताचा थेंबही नाही, तरी ते कोरबानच.

२. देवाला रक्त कशाला लागतं? हे फार रानटी वाटतं.

वाटायलाच हवं. जुन्या करारात रक्त म्हणजे जीव (लेवीय १७:११). रक्त माणसानं प्यायचं नाही, ते वेदीपाशी ओतायचं, कारण जीव ज्याचा आहे त्यालाच तो परत द्यायचा. त्यात देवाची तहान भागवण्याची कल्पना नाही. उलट स्तोत्र ५० मध्ये देवच जवळजवळ वैतागून विचारतो की मी काय बैलांचं मांस खातो, बकऱ्यांचं रक्त पितो? होशेय ६:६ मध्ये तर सरळच म्हटलं आहे की मला यज्ञ नको, दया हवी. येशूनं हे वचन मत्तयच्या शुभवर्तमानात (येशूची हकिकत सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकात) दोनदा ऐकवलं आहे (९:१३, १२:७).

म्हणजे यज्ञ आणि यज्ञावरची टीका दोन्ही बायबलमध्ये शेजारी-शेजारी नांदतात. ज्यांना रक्ताची भाषा खटकते त्यांनी आपण बायबलच्या विरोधात गेलो असं समजू नये. त्यांच्या बाजूनं खुद्द संदेष्टे उभे आहेत.

३. येशूला ‘देवाचं कोकरू’ का म्हणतात?

मुख्य संदर्भ वल्हांडण या यहुदी सणाचा. मिसरमधून सुटण्याच्या रात्री इस्राएली घराघरांत कोकरू मारलं गेलं आणि त्याचं रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि वरच्या पट्टीला लावलं गेलं (निर्गम १२). त्या कोकराचं हाड मोडायचं नाही असाही नियम होता. योहान येशूच्या मरणाचं वर्णन करताना नेमकं हेच टिपतो. शेजारच्या दोघांचे पाय सैनिकांनी मोडले, याचे मोडले नाहीत.

पण एक गोष्ट सहसा सुटते. वल्हांडणाचं कोकरू पापाच्या प्रायश्चित्तासाठी नव्हतं, ते गुलामगिरीतून सुटण्याचं होतं. पापाचा विधी वेगळा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा (लेवीय १६). त्यात दोन बकरे. एकाचा वध होई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं कबूल केली जात आणि त्याला जिवंतच रानात सोडून देत. आपण ज्याला ‘बळीचा बकरा’ म्हणतो, म्हणजे ज्याच्या डोक्यावर सगळ्यांचे दोष येतात तो, त्याचा मूळ विधीत बळी जातच नाही! नव्या करारानं वल्हांडण आणि प्रायश्चित्त हे दोन्ही धागे, आणि त्यात यशया ५३ मधला दुःख सोसणारा सेवक, येशूच्या मरणात एकत्र विणले. म्हणून ‘तो आमच्या पापांसाठी मेला’ आणि ‘त्यानं आम्हांला सोडवलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि दोन्ही लागतात.

४. एकाच्या मरणानं दुसऱ्याचं पाप कसं फिटतं?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि याचं एकच अधिकृत उत्तर नाही हे ऐकून लोक चकित होतात. नाइसियाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे चर्चच्या श्रद्धेच्या जुन्या अधिकृत घोषणेत, एवढंच आहे की आपल्यासाठी त्याला क्रुसावर खिळण्यात आलं. कसं, ते तिथे सांगितलेलं नाही. त्यामुळे वेगवेगळ्या शतकांनी वेगवेगळी चित्रं काढली.

पहिलं चित्र खंडणीचं. मार्क १०:४५ मध्ये येशू स्वतःच हा शब्द वापरतो. मग प्रश्न आला, खंडणी कोणाला? चौथ्या शतकात नुस्साचा ग्रेगरी हा बिशप म्हणाला, सैतानाला. त्याचं चित्र मासेमारीचं : मानवी देह हे आमिष, आत देवत्वाचा गळ, सैतान गिळायला गेला आणि अडकला. त्याचाच मित्र नाझियांझचा ग्रेगरी यावर भडकला. लुटारूला खंडणी द्यायची आणि तीही देवाची, हे त्याला लज्जास्पद वाटलं. मला नाझियांझचा ग्रेगरी पटतो, पण गळाचं चित्र विसरता येत नाही हेही खरं.

दुसरं चित्र ऋणाचं. १०९८ च्या सुमारास अन्सेल्म या धर्मशास्त्रज्ञानं मांडलं की पापानं देवाचा मान हिरावला जातो. ते ऋण माणसानं फेडायला हवं, पण फेडण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून फेडणारा देव-मानव हवा. त्याच्या पुढच्याच पिढीतला आबेलार म्हणाला, क्रूस पाहून माणसाच्या मनात प्रेम जागं होतं आणि तेच आपलं तारण. सोळाव्या शतकात चित्र न्यायालयात गेलं : शिक्षा आपली, भोगली त्यानं. हे मांडणारा प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन कायदा शिकलेला होता, हे वाचताना जाणवतं.

यातलं प्रत्येक चित्र ताणलं की फाटतं. सर्वांत वाईट फाटतं ते न्यायालयाचं, जेव्हा पिता संतापी आणि पुत्र दयाळू असे दोन पक्ष उभे केले जातात. नव्या करारातली पत्रं लिहिणारा पौल तसं म्हणत नाही. तो म्हणतो, ख्रिस्तामध्ये देवच जगाचा स्वतःशी समेट करत होता (२ करिंथ ५:१९). माझ्या दृष्टीनं सगळी गोम इथे आहे. इतर बळींमध्ये माणूस देतो आणि देव घेतो. इथे दिशाच उलटली : देणारा देव, आणि घेणारे आपण.

५. देव सर्वशक्तिमान आहे. ‘जा, माफ केलं’ एवढं म्हटलं असतं तर चाललं नसतं का?

कोणाला मोठी रक्कम उसनी दिली आणि त्याचं दिवाळं निघालं. तुम्ही म्हणालात, ‘राहू दे, नको देऊस.’ रक्कम नाहीशी झाली का? नाही. ती तुमच्या खिशातून गेली. क्षमा घेणाऱ्याला फुकट पडते, करणाऱ्याला नाही. क्रूस म्हणजे क्षमेच्या आधी भरायची फी नव्हे. क्षमा करताना देवाला जे पडलं ते क्रुसावर उघड दिसलं.

या प्रश्नात दम आहे हेही मान्य करतो. सगळं उधळून घरी परतणाऱ्या मुलाच्या दाखल्यात (लूक १५) बाप बळीबिळी न मागता क्षमा करतो. फक्त एवढं पाहा की म्हातारा बाप सगळ्यांदेखत धावत सुटतो. आपली पत कोण खर्च करतंय?

६. मरण येणार हे ठाऊक असून येशू यरुशलेमला गेला. मग ही आत्महत्या नव्हे का?

नव्हे. गेथशेमाने बागेत तो रात्री प्रार्थना करतो ती ‘हा प्याला माझ्यावरून टळू दे’ अशी. मरणाची ओढ असलेला माणूस असं मागत नाही. त्याआधीही नासरेथचे लोक त्याला कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा तो त्यांच्यातून निघून गेला (लूक ४:२९-३०). त्यानं मरण शोधलं नाही. जे करत होता ते सोडलं असतं तर मरण टळलं असतं, आणि ते त्यानं सोडलं नाही.

७. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ म्हणजे शेवटी येशूचाही विश्वास डळमळला?

हे स्तोत्र २२ चं पहिलं वचन आहे. मार्कनं ते येशूच्या बोलीतच ठेवलंय : ‘एलोई, एलोई, लमा सबखथनी?’ काही जण म्हणतात, पहिली ओळ म्हटली म्हणजे पूर्ण स्तोत्र म्हटल्यासारखंच, आणि त्या स्तोत्राचा शेवट आशेत होतो. बरोबर आहे, पण हे उत्तर फार लवकर सुटका करून घेतं. त्यानं आशेची ओळ उच्चारली नाही, एकटेपणाची उच्चारली. आणि एकटं पडूनही हाक मारली ती ‘माझ्या देवा’ अशीच.

परिचित मराठी अनुवादात इथे ‘त्याग’ हाच शब्द आहे. प्रश्न १ मधल्या तीन अर्थांत न बसणारा हा चौथा अर्थ : टाकून दिलं जाणं.

८. येशूला यहुद्यांनी मारलं ना?

क्रूस ही रोमन शिक्षा, निकाल रोमन सुभेदार पंतय पिलाताचा (तो इ. स. २६ ते ३६ यहुदियात होता), खिळे ठोकणारे रोमन सैनिक. रोमन इतिहासकार टॅसिटसही पिलाताचंच नाव घेतो. मंदिरातल्या काही पुढाऱ्यांनी त्याला पिलाताच्या हवाली केलं असं शुभवर्तमानं सांगतात, पण येशू, त्याची आई, सगळे शिष्य यहुदीच होते. ‘यहुद्यांनी मारलं’ या वाक्यानं शतकानुशतकं निरपराध माणसांचे जीव घेतले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं स्पष्ट केलं की त्या मरणाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही. फार उशीर झाला होता.

क्रुसाची शिक्षा किती खरी होती याचा एक पुरावा १९६८ मध्ये यरुशलेमजवळ मिळाला. अस्थी ठेवायच्या दगडी पेटीत एका माणसाचं टाचेचं हाड होतं आणि त्यात खिळा तसाच रुतलेला होता. टोक वाकलं होतं, म्हणून बहुधा तो काढता आला नाही.

९. पुनरुत्थान म्हणजे मेलेला माणूस पुन्हा जिवंत होणं. मग लाजरही उठला होताच की.

येशूनं आपल्या मित्राला, लाजरला, कबरेतून उठवलं, आणि पुढे कधीतरी तो पुन्हा मेला. तो आपल्या जुन्याच आयुष्यात परतला. येशू परतला नाही, तो मरणाच्या पलीकडे निघाला. योहानानं हा फरक कापडावरून दाखवला आहे. लाजर बाहेर येतो तेव्हा हातपाय बांधलेले, तोंडाला रुमाल गुंडाळलेला, आणि येशूला सांगावं लागतं की याला मोकळं करा (११:४४). येशूच्या कबरेत मात्र तागाची वस्त्रं नुसती पडलेली, आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून बाजूला ठेवलेला (२०:६-७). त्याला सोडवायला कोणी लागलं नाही.

१०. पुनरुत्थान आणि पुनर्जन्म यांत फरक काय? दोन्हींत ‘पुन्हा’ आहेच.

उपसर्ग सारखा, बाकी जवळजवळ काहीच नाही. पुनर्जन्मात आत्मा एक देह सोडून दुसरा घेतो, हे चक्र चालू राहतं आणि त्यातून सुटणं म्हणजे मोक्ष. पुनरुत्थान एकदाच होतं, ते त्याच व्यक्तीचं होतं, आणि देहासकट. देह हे इथे टाकून द्यायचं वस्त्र नाही. ‘आत्मा अमर असतो’ एवढंच म्हटलं तरी ते ख्रिस्ती पुनरुत्थान होत नाही. अनेक ख्रिस्ती कुटुंबांतही प्रत्यक्षात एवढंच मानलं जातं, ही गोष्ट वेगळी.

११. उठलेलं शरीर कसं असतं?

शुभवर्तमानं इथे मुद्दाम अवघडच बोलतात. दारं बंद असताना येशू आत येतो (योहान २०), आणि भाजलेला मासाही खातो (लूक २४). अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर चालतात तरी ओळखत नाहीत, भाकर मोडल्यावर ओळखतात. भूत म्हणावं तर मासा खातो, आणि साधा माणूस म्हणावं तर दिसेनासा होतो.

पौल बियाण्याचा दाखला देतो (१ करिंथ १५:३६-४४). पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते रोप. दाणा आणि रोप एकच, तरी दाण्याकडे पाहून रोप कसं दिसेल ते सांगता येत नाही. याहून जास्त तपशील जो सांगतो त्याच्यापासून सावध राहा.

१२. पुनरुत्थानात सगळं बरं झालं, तर मग हातांवरचे व्रण का राहिले?

हा प्रश्न एका शाळकरी मुलीनं विचारला होता. तिच्या मते जो देव मेलेल्याला उठवतो त्याला चार भोकं बुजवता येऊ नयेत हे विचित्रच. मला यापेक्षा चांगला प्रश्न आजवर आलेला नाही.

शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला खात्री हवी होती ती चेहऱ्याची नाही, व्रणांची. आणि येशूनं ते दाखवले. लोक नेहमी धरून चालतात की शुक्रवारचा पराभव रविवारी पुसला गेला, बलिदान हा दुःखद पूर्वार्ध आणि पुनरुत्थान हा सुखान्त. व्रण हे होऊ देत नाहीत. जो उठला तो क्रुसावर दिलेला जीव घेऊनच उठला, ते देणं मागे ठेवून नाही. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात स्वर्गातल्या सिंहासनाजवळही कोकरू दिसतं ते ‘वधलेलं’ आणि तरी उभं (५:६).

कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या रात्री नवी मोठी मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, चालू वर्षाचे आकडे, आणि क्रुसाच्या चार टोकांना व मध्यभागी धुपाचे पाच खडे टोचलेले असतात. पाच जखमांचे पाच. अंधाऱ्या चर्चमध्ये पहिला उजेड येतो तो या मेणबत्तीचा.

१३. पुनरुत्थान होताना कोणी पाहिलं?

कोणीही नाही. चारही शुभवर्तमानांत त्या क्षणाचं वर्णन नाही. मत्तय धोंडा लोटला गेल्याचं सांगतो, पण तेव्हा कबर आधीच रिकामी आहे. साक्षी आहेत त्या रिकाम्या कबरेच्या आणि नंतरच्या भेटींच्या.

सर्वांत जुनी लेखी यादी पौलाची (१ करिंथ १५:३-८). पत्र इ. स. ५४-५५ च्या सुमाराचं, म्हणजे घटनेनंतर साधारण २० ते २५ वर्षांनी, आणि पौल म्हणतो की हे मला आधीच्यांकडून मिळालं. यादीत केफा म्हणजे पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब आणि शेवटी पौल स्वतः. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असंही तो लिहितो, म्हणजे जाऊन विचारा.

त्या यादीत स्त्रियांची नावं नाहीत. शुभवर्तमानांत मात्र कबरेशी पहिल्या पोहोचतात त्या स्त्रियाच, आणि चारही ठिकाणी मग्दालीया मरीया आहे. त्यांचं सांगणं प्रेषितांना नुसती बडबड वाटलं (लूक २४:११). ज्या काळात बाईच्या शब्दाला वजन नव्हतं त्या काळात गोष्ट रचायचीच असती तर कोणी अशी रचली नसती. हा काही गणिती पुरावा नव्हे, पण मला तो नेहमी थांबवतो.

१४. चार शुभवर्तमानांत चार वेगळ्या हकिकती आहेत. खरं काय मानायचं?

फरक आहेत आणि ते झाकू नयेत. कबरेशी मार्कमध्ये तीन स्त्रिया, मत्तयमध्ये दोन, लूकमध्ये त्याहून जास्त, योहानात एकटी मग्दालीया मरीया. देवदूत कुठे एक, कुठे दोन. भेटी कुठे गालीलात, कुठे यरुशलेमात. हे सगळं एका वेळापत्रकात बसवण्याचे खटाटोप मला फारसे भावत नाहीत. पण बारकाईनं वाचलं तर मजा येते : योहानात मरीया एकटीच आहे, तरी धावत येऊन म्हणते, ‘त्याला कुठे ठेवलं हे *आम्हांला* ठाऊक नाही’ (२०:२). हे ‘आम्ही’ कोण?

मार्कचा शेवट तर आणखी विलक्षण. चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत तो १६:८ लाच संपतो : स्त्रिया पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढची वचनं नंतर जोडली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात.

१५. शिष्यांनी देह चोरला असेल, किंवा येशू नुसता बेशुद्ध झाला असेल.

चोरीची शंका इतकी जुनी आहे की ती मत्तयच्या शुभवर्तमानातच नोंदलेली आहे (२८:१३). बेशुद्धीच्या तर्कात अडचण अशी की फटके खाऊन, खिळे ठोकून, कुशीत भाला खुपसून घेतलेला माणूस जरी वाचला असता तरी त्याच्याकडे पाहून कोणी ‘यानं मरणाला जिंकलं’ म्हटलं नसतं, वैद्याला बोलावलं असतं. भास झाले म्हणावं तर पौलाच्या यादीत तोपर्यंत शत्रू असलेला माणूसही आहे, तो स्वतः. इतिहास इतकं सांगतो की या लोकांना काहीतरी भेटलं आणि ते बदलले. पुढचं पाऊल विश्वासाचं, ते इतिहासाच्या नावावर खपवू नये.

१६. शुक्रवार दुपार ते रविवार पहाट. हे तीन दिवस कसे?

त्या काळच्या मोजणीत दिवसाचा तुकडाही दिवस धरत : शुक्रवार, शनिवार, रविवार. ‘तिसऱ्या दिवशी’ असं म्हटलंय, ‘७२ तासांनी’ असं नाही. मत्तय १२:४० मधले ‘तीन दिवस आणि तीन रात्री’ माशाच्या पोटात राहिलेल्या योना संदेष्ट्याच्या गोष्टीतून आलेले आहेत. तिथे घड्याळ लावू नये.

१७. मधल्या शनिवारी येशू कुठे होता?

प्रेषितांच्या विश्वासांगीकारात ‘तो अधोलोकात उतरला’ असं आहे, आणि १ पेत्र ३:१९ मध्ये बंदीतल्या आत्म्यांना घोषणा केल्याचा उल्लेख आहे. पश्चिमेकडच्या चर्चनं यावर कमी बोलणं पसंत केलं. पूर्वेकडच्या चर्चचं मात्र ईस्टरचं मुख्य चित्रच हे आहे.

इस्तंबूलच्या खोरा चर्चमधलं (ती आता मशीद आहे) चौदाव्या शतकातलं भित्तिचित्र मिळालं तर जरूर पाहा. शुभ्र वस्त्रातला ख्रिस्त पाय फाकून उभा आहे, पायाखाली अधोलोकाची मोडलेली दारं, आणि सगळीकडे विखुरलेल्या किल्ल्या, कड्या, कुलपं. एका हातानं त्यानं आदामाला आणि दुसऱ्यानं हव्वेला कबरेतून ओढलं आहे. नीट बघितलं तर त्यानं त्यांचे हात धरलेले नाहीत, मनगटं धरली आहेत. हात धरला असता तर त्यांनाही धरावं लागलं असतं. पश्चिमेकडच्या चित्रांत ख्रिस्त बहुधा झेंडा घेऊन कबरेवर एकटा उभा असतो. या चित्रात पुनरुत्थान एकट्याचं नाही.

१८. ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते?

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा नियम. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली, आकाशातली नव्हे. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस जुन्या ज्युलियन पंचांगानं मोजतात, म्हणून त्यांचा बहुधा वेगळ्या दिवशी. २०२५ मध्ये दोघांचा २० एप्रिललाच आला होता.

१९. येशूचं बलिदान एकदाच झालं, मग मिस्सेत ते पुन्हा का करतात?

मिस्सा म्हणजे कॅथलिकांची भाकर आणि द्राक्षारसाची उपासना. तिथे बलिदान पुन्हा करत नाहीत, असंच कॅथलिक शिकवण म्हणते. १५६२ मध्ये ट्रेंट परिषदेनं मांडलं की मिस्सेतलं अर्पण क्रुसावरचंच आहे, फक्त रक्ताविना. प्रॉटेस्टंट चर्चेस इब्री १०:१० मधल्या ‘एकदाच’वर बोट ठेवतात आणि प्रभुभोजनाला बलिदान म्हणायचं टाळतात. त्यांच्यातही कोणी ते केवळ स्मरण मानतात, कोणी त्यात ख्रिस्त खरोखर उपस्थित मानतात.

भांडणाचं मूळ ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ मधल्या ‘स्मरण’ या शब्दात आहे. ग्रीकमधला ‘अनाम्नेसिस’ म्हणजे जुनी आठवण काढणं एवढंच नाही. वल्हांडणाच्या जेवणात यहुदी घरात ‘आपण मिसरमधून सुटलो’ असं म्हणतात, ‘पूर्वज सुटले’ एवढंच नाही. हे लक्षात घेतलं तर दोन्ही बाजूंचं अंतर वाटतं तितकं उरत नाही. आणि एक बारकावा : गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होतच नाही. त्या दिवशी दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद आदल्या संध्याकाळचा असतो.

२०. ख्रिस्ती धर्मात आता कुठेच प्राण्यांचे बळी नाहीत?

प्रायश्चित्तासाठी नाहीत. कारण प्रश्न १९ मधलं ‘एकदाच’. यहुदी परंपरेतही इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडल्यापासून ते थांबले. अपवादासारखी दिसते ती आर्मेनियन चर्चची ‘मताघ’ ही प्रथा : आशीर्वादित मीठ देऊन कोकरू किंवा कोंबडा कापतात आणि मांस गरिबांत वाटतात. ते स्वतः याला उपकारस्तुतीचं दान म्हणतात, पापाचा बळी नव्हे.

२१. देह उठणार आहे, तर दहन चालतं का? देहदान?

चालतं, बहुतेक चर्चेसमध्ये. कॅथलिक चर्चनं १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली. २०१६ मध्ये पुन्हा सांगितलं की रक्षा विखरू नये आणि घरी न ठेवता पवित्र जागी ठेवावी. ऑर्थोडॉक्स चर्चेस सर्वसाधारणपणे दहनाच्या विरोधात आहेत. जे समुद्रात बुडाले किंवा आगीत गेले त्यांचं काय, हा प्रश्न पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनाही विचारला गेला होता. जो मातीतून उठवतो त्याला राखेची अडचण नाही. अवयवदान तर ‘हे तुमच्यासाठी दिलेलं माझं शरीर’ या शब्दांच्या फार जवळ जातं असं माझं मत.

२२. नवरा मारतो. घरचे म्हणतात, येशूनंही सोसलं, तू आपला क्रूस वाहा. हे खरंच ख्रिस्ती आहे?

नाही. या एका उत्तरात मी ‘मतभेद आहेत’ असं लिहिणार नाही. दुसऱ्याच्या माथी मारलेलं दुःख बलिदान होत नाही. बलिदान देणाऱ्याचं असतं, ते दुसरा त्याच्याकडून वसूल करू शकत नाही. ‘माझा जीव कोणी माझ्यापासून घेत नाही, मी तो स्वतःहून देतो’ हे येशूचे शब्द आहेत (योहान १०:१८). चौकशीत शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा तो गप्प बसला नाही, ‘मला का मारतोस?’ असं त्यानं विचारलं (योहान १८:२३). आणि कड्यावरून तो निघून गेला होता, प्रश्न ६ पाहा. आधी सुरक्षित जागी जा, पोलिसांची किंवा वकिलाची मदत घ्या, आध्यात्मिक चर्चा नंतर.

२३. पुनरुत्थान हे प्रतीक मानलं, ‘येशूचे विचार जिवंत राहिले’ असं, तर चालेल?

विचार जिवंत राहण्यासाठी उठायची गरज नसते, सॉक्रेटिसचेही राहिले. पौल इथे अगदी रोखठोक आहे : ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचार पोकळ आणि तुमचा विश्वास व्यर्थ (१ करिंथ १५:१४). प्रतीक मानणारे पुष्कळ सज्जन ख्रिस्ती मला माहीत आहेत आणि मी त्यांना बाहेर काढायला बसलेलो नाही. पण पहिल्या साक्षीदारांचं म्हणणं ते नव्हतं, एवढं तरी मान्य करावं.

२४. घरात नुकताच मृत्यू झालाय. सगळे म्हणतात, ‘रडू नका, पुनरुत्थान आहे ना.’ रडणं म्हणजे अविश्वास का?

लाजरला उठवायला निघालेला येशू, पाच मिनिटांत तो उठणार हे ठाऊक असलेला, कबरेकडे जाताना रडला (योहान ११:३५). पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो ते आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं (१ थेस्स ४:१३). शोकच करू नका, असं नाही. लोक वाक्याचा पुढचा भाग गाळतात.

ईस्टरच्या पहाटेही मग्दालीया मरीया कबरेबाहेर रडत उभी होती. देवदूतांनी विचारलं, बाई, का रडतेस? येशूनं विचारलं, का रडतेस? रडू नकोस असं कोणीच म्हणालं नाही. तिला तो माळी वाटला. मग त्यानं तिला नावानं हाक मारली.